चुलीपुढची जागा

शिल्पाचं जीवशास्त्राचं पुस्तक पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिच्या खोलीतल्या पुनमला हसूच फुटलं. पानन् पान पिवळं. हायलायटर महत्त्वाच्या ओळीवर फिरवायचा असतो, पण शिल्पाला एकूण एक ओळ महत्त्वाची वाटायची. त्यामुळे पुस्तकाला हळद लागली होती आणि डोक्यात मात्र काही म्हणता काही उतरलं नव्हतं. लातुरात खोली करून राहायचं हे तिचं दुसरं वर्ष आणि नीटचा हा तिसरा प्रयत्न. मागच्या खेपेला चारशे अडतीस पडले होते. सरकारी कॉलेजात जागा मिळायची तर सहाशेच्या पुढं जायला हवं होतं. मधली ती दरी वाचून-वाचून भरत नव्हती. पहाटे पाचला उठून ती एकच धडा चार-चारदा वाचायची, मान डोलवायची, आणि रविवारच्या टेस्टमध्ये तोच प्रश्न समोर आला की कोऱ्या डोळ्यांनी बघत बसायची.

जूनमध्ये तिला लातूरच्या गाडीत बसवताना अण्णारावांनी सांगून टाकलं होतं, "यंदा झालं तर झालं, शिल्पे. न्हाई तर मुखेडला बी.एस्सी.ला नाव घालू. तुला कुणी काई म्हणणार न्हाई."

बाप रागावला असता तर बरं झालं असतं. हे असं मायेनं बोलणं तिला फार लागलं. मुखेडपासून आठ किलोमीटरवरचं त्यांचं गाव, घरची शेती, आणि घरात डॉक्टरकीचं नाव काढणारी ती पहिलीच. तिला ते व्हायचंच होतं. दुसऱ्या कुणासाठी नाही, स्वतःसाठी.

आणि थोडंफार मायसाठी. साखराबाईला अक्षरओळख नव्हती, तरी शिल्पाचे पाठ तिनंच घेतले. संध्याकाळी चुलीपुढं बसून भाकरी थापायची आणि मांडीवर शिल्पाचं पुस्तक उघडं धरायची. कधी सुलटं, कधी उलटं. शिल्पा पाठ म्हणायची आणि माय तिच्या तोंडाकडं बघत "पुढं?" म्हणायची. लेक अडखळली की मायला बरोबर कळायचं. "चुकलीस तू. फिरून म्हण." सातवीपर्यंत शिल्पाला वाटायचं, मायला सगळं येतं.

देविका मॅडमचा पत्ता पुनमनं दिला. पुनम मुरुडची, बोलायला फटकळ, पण मनानं चांगली. "त्या काई शिकवीत न्हाईत," ती म्हणाली. "शिकायचं कसं तेवढं सांगतात. तुला तेच तर येत न्हाई."

देविका मॅडम औसा रोडच्या मागच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. तिशीतली बाई, स्वतः एम.बी.बी.एस. झालेली, पण दवाखाना नाही, पाटी नाही. घरात दोन खुर्च्या, एक टेबल, भिंती रिकाम्या. खिडकीपाशी तिसऱ्या खुर्चीत एक म्हातारा बसलेला. स्वच्छ धोतर, पांढरा सदरा, तोंडानं एकसारखं काहीतरी पुटपुटणं चाललेलं.

"माझे वडील. बापूसाहेब," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस."

शिल्पानं नमस्कार केला. बापूसाहेबांनी तिच्याकडं पाहिलं नाही. "हायड्रोजन, हीलियम, लिथियम, बेरिलियम," ते म्हणत होते, सावकाश, जपाची माळ ओढावी तसे. रसायनशास्त्राचे रिटायर मास्तर दिसतात, असं शिल्पानं मनाशी ठरवून टाकलं.

मॅडमनी तिचं पिवळं पुस्तक दोन पानं चाळून मिटलं आणि विचारलं, "आत्ता काय वाचलंस सांग."

शिल्पाला दोन ओळींच्या पुढं सांगता येईना.

"वाचलेलं ओळखीचं वाटतं, म्हणून आपल्याला येतं असं वाटतं. डोक्यात घालणं म्हणजे अभ्यास नाही. डोक्यातून काढणं म्हणजे अभ्यास. पुस्तक मिटायचं आणि काढायचं. आज, परवा, आठवड्यानं, महिन्यानं. जितक्या वेळा काढशील तितकं घट्ट बसतं. ज्याच्याकडे जाणार नाहीस ते आपोआप निसटून जातं. हा नियम दोन्हीकडून खरा आहे, लक्षात ठेव."

महिनाभर शिल्पानं तेवढंच केलं. हायलायटर पुनमला देऊन टाकला. टेस्टमध्ये चारशे ऐंशी आले, मग पाचशे दहा. त्यानंतर गाडी अडली. येत होतं सगळं, पण ऐन वेळी एकात एक गुंतायचं. ती पुन्हा मॅडमकडं गेली. मॅडमनी विचारलं, "गावाकडे घर कसं आहे तुमचं?"

"माळवदाचं हाय. दगडमातीचं."

"डोळे मिट आणि दारातून आत चल. काय-काय दिसतं ते क्रमानं सांग."

शिल्पानं सांगितलं. उंबरा. आत गेल्यावर उजव्या हाताला भिंतीतली देवळी, तिच्यात दिवा. पुढं पाण्याचा रांजण. कोपऱ्यात सात गाडग्यांची उतरंड. मागं धान्याचं बळद. माळवदावर जायचा दगडी जिना. डाव्या अंगाला गोठा. आणि शेवटी स्वयंपाकघर, धूर जायला वर ठेवलेलं सवणं आणि त्याच्या खाली चूल. सांगता-सांगता तिला शेणानं सारवल्याचा वास आला.

मॅडम कानात प्राण आणून ऐकत होत्या. "उतरंड," त्या हळूच म्हणाल्या. "आमच्याकडेही होती म्हणतात." मग सावरून बसल्या. "आता एकेका जागी एकेक धडा ठेवायचा. डोळ्यांपुढं चित्र उभं करून. सात गाडगी आहेत ना? मूलद्रव्यांच्या सात ओळी त्यांत भर. हवं असेल तेव्हा घरात जायचं, गाडगं उघडायचं, उचलायचं. एका जागी एकच गोष्ट. दारातून आत जायचं आणि दारातूनच बाहेर यायचं. आणि जागाच वापरायच्या, शिल्पा. माणसं वापरायची नाहीत."

"का बरं?"

"माणसं हलतात," मॅडम म्हणाल्या आणि उठून त्यांनी बापूसाहेबांच्या तोंडाला पाण्याचा पेला लावला.

शिल्पा रोज दुपारी, पुनम क्लासला गेली की, कॉटवर बसून डोळे मिटायची आणि घरी जायची. दिवाळीपर्यंत उंबऱ्यावर एककं आणि मिती बसल्या. देवळीत प्रकाश, भिंगं आणि आरसे. रांजणात द्रवांचे दाब. जिन्याच्या पायऱ्यांवर आनुवंशिकता, गोठ्यात सगळं प्राणिजगत दावणीला बांधलेलं. काही शोधावं लागत नव्हतं. प्रश्न दिसला की ती उंबरा ओलांडायची, हात घालायची, आणि उत्तर हाताला लागायचं. पाचशे साठ. पाचशे पंच्याऐंशी. क्लासच्या फळ्यावर पहिल्या दहात नाव लागलं, तेव्हा पुनमनं स्वतःच्या पैशानं तिला कुल्फी चारली.

असंच एकदा मायचा फोन आला. इकडचं-तिकडचं झाल्यावर साखराबाई म्हणाली, "देवळीत दिवाच टिकंना बघ. वारा न्हाई, वादळ न्हाई, लावला की इझतो."

"वात ओली असंल, माय."

"आसंल बाई."

पंधरा दिवसांनी रांजण. सकाळी घागरीनं भरावा आणि दुपारी बघावं तर तळ कोरडा. चीर नाही, खालची जमीन ओली नाही. मग गाडगी. तिसऱ्यात तुरीची डाळ ठेवली तर तिसरं रिकामं. अण्णारावांनी उंदरांच्या नावानं खडे फोडले आणि सापळा लावला. सापळ्यात काहीच सापडलं नाही. जानेवारीत गाय गोठ्यात जाईना. दारात पाय रोवून उभी राहायची, ओढली तर हंबरायची. शेवटी ती लिंबाखाली बांधली.

शिल्पाला कळलं नाही असं कसं म्हणावं? ती काही खुळी नव्हती. गायीचं ऐकलं त्या दुपारी ती फोन ठेवून तशीच कॉटवर बसली. तिनं डोळे मिटले, घरात गेली आणि गोठ्याच्या दाराशी थांबली. आत सगळे वर्ग, सगळे संघ, तिनं बांधले तसे ओळीनं उभे होते. गायीला उभं राहायला जागाच नव्हती. ती भ्याली. मनात म्हणाली, थांबवावं हे. दुसऱ्या दिवशी टेस्टचा निकाल लागला, सहाशे चार. तिनं थांबवलं नाही. घरात माणसं तर ठणठणीत आहेत, रांजणाचं काय, प्लास्टिकची टाकी घेता येते, अशी तिनं मनाची समजूत घातली. आणि अण्णारावांनी खरंच टाकी आणली, तेव्हा तिला हायसं वाटलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्या जागा भरल्या. बळद काठोकाठ झालं, माळवदसुद्धा. एकच धडा उरला, शरीरातल्या ग्रंथी आणि त्यांची संप्रेरकं. हा धडा दोन वर्षं तिच्या हातून निसटत आला होता. दरवेळी चार-पाच प्रश्न यायचे आणि दरवेळी तेवढेच जायचे. आणि जागा एकच उरली होती. चूल.

ती दुपार भयंकर तापली होती. पंखा गरम वारा फेकत होता. शिल्पा घरात गेली, भरलेल्या जागांमधून अंग चोरत स्वयंपाकघरापर्यंत पोचली. चुलीपुढं माय बसलेली होती.

चूल तिनं कधी मायवाचून बघितलीच नव्हती. ती आठवायची म्हणजे माय आठवायचीच. शिल्पानं मनातल्या मनात तिला उठवून बघितलं. "माय, जरा सरक." माय हसली आणि भाकरी थापत राहिली. पुन्हा बाहेर येऊन आत गेली, तरी माय तिथंच. परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली. आणि धडा तर असा, की मायच्या अंगावर तो मापानं शिवल्यासारखा बसत होता. कुंकवाच्या मागं पिट्युटरी. गळ्यातल्या पोतीखाली थायरॉइड. छातीशी थायमस. पोटाशी, पदर खोचतात तिथं, पॅन्क्रियाज. कमरेवर दोन्ही बाजूंना अॅड्रिनल.

शिल्पाला मॅडमचं बोलणं आठवलं. आठवलं नाही असं नाही. ती म्हणाली, तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. परीक्षा झाली की काढून घेईन. मग तिनं एकेक करून ठेवलं आणि माय शांतपणे ठेवून घेत राहिली, लहानपणी पुस्तक धरायची तशी. आयुष्यात इतका पक्का अभ्यास शिल्पाचा कधी झाला नव्हता. सकाळ-दुपार ती जाऊन विचारून यायची, आणि एकदाही चुकली नाही.

चौथ्या दिवशी मायचा फोन आला तो घोगरा. "गळा बसून राह्यलाय," एवढंच म्हणाली. आठवड्यानं फोन अण्णारावांनीच घेतला. मागं मायचा आवाज आला, घोगरा, परका. "कोण हाय फोनवर?"

"शिल्पी हाय की गं, कोण आसंल?" अण्णाराव हसून म्हणाले, मग फोनवर हळू आवाजात बोलले. "उन्हानं झालंय काई तरी तिला. मुखेडच्या डॉक्टरला दाखवलं, ते म्हणले समदं नार्मल. तू नको काळजी करू. तू अभ्यास कर."

शिल्पा चप्पल न घालताच निघाली. औसा रोडवर डांबर पाय भाजत होतं, ते तिला जिना चढताना कळलं.

मॅडमनी दार उघडलं, तिच्या तोंडाकडं बघितलं आणि काय झालं ते विचारावं लागलंच नाही. "कोण?"

"माय."

देविका मॅडम खुर्चीत बसल्या. खिडकीपाशी बापूसाहेब म्हणत होते, "निऑन, सोडियम, मॅग्नेशियम."

"तुला वाटलं असेल, हे रसायनशास्त्र शिकवायचे," मॅडम म्हणाल्या. "बापूसाहेब मराठीचे शिक्षक होते. कविता शिकवताना शेजारच्या वर्गातली मुलं दाराशी येऊन उभी राहायची, असं लोक सांगतात. मला आता आठवत नाही, एका जागी एकच गोष्ट राहते. मूलद्रव्यं त्यांना माहीतही नव्हती. ती मी ठेवली."



"घरात जागा उरली नव्हती. ओसरीत ते खुर्ची टाकून बसायचे. परीक्षेआधी असेच थोडे-थोडे हरवल्यासारखे करायला लागले. मला कुणी सांगणारं नव्हतं, तुला मी सांगितलं होतं." आवाज चढला तसा त्यांनी आवरला. "परीक्षेत त्यांच्याजवळची नऊ उत्तरं मी काढली. नऊच्या नऊ बरोबर. त्यानंतर ते मला देविका म्हणाले नाहीत."

"मग आता मी काय करू, मॅडम? काढून कसं घेऊ?"

"काढून घेता येत नाही. निसटू द्यावं लागतं. आजपासून चुलीकडे जायचं नाही. तो धडा उघडायचा नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. अजून कच्चं आहे, दहा-पंधरा दिवसांचंच आहे, निसटेल. पण परीक्षेत ते प्रश्न येतील. ते कोरे सोडायचे. ऐन परीक्षेत माणसाजवळून काढलेलं कधी निसटत नाही, शिल्पा. तिथं काढलंस की कायमचं बसलं."

शिल्पा परत आली आणि तिनं तसंच केलं. जीवशास्त्राच्या पुस्तकातली ती पानं तिनं ब्लेडनं कापली आणि पुनमला फेकायला दिली. दुपारी घरात गेली तरी बळदापाशीच मागं वळायची. आतून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. ती कानावर हात ठेवायची. परीक्षेच्या चार दिवस आधी फोनवर मायचा आवाज जरा मोकळा वाटला. "शिल्पे," ती अडखळत म्हणाली, "जेवलीस का?" शिल्पानं फोन छातीशी धरला आणि हमसून-हमसून रडली. त्या क्षणी तिचा निश्चय पक्का होता. पाच प्रश्न गेले तर गेले.

परीक्षेचं केंद्र नांदेडला आलं होतं. अण्णाराव गावाहून थेट तिथं आले, डोक्याला उपरणं, हातात पाण्याची बाटली. फाटकापाशी पोरांची ही झुंबड उडाली होती. शिल्पाचे कानातले काढून घेतले, केसांची क्लिप काढून घेतली, दंडाचा काळा दोराही कापायला लावला. दोरा बापाच्या हातात देताना तिनं विचारलं, "माय कशी हाय?"

"बरी हाय. काल माझ्या नावानं वराडली. म्हणजे बरीच हाय," अण्णाराव म्हणाले. "जा तू. डोकं शांत ठिव."

दोनला पेपर हातात आला. भौतिकशास्त्र उंबऱ्यावर, देवळीत आणि रांजणात सापडलं. रसायन गाडग्यांमधून निघालं. इतका सरळ पेपर तिनं टेस्टमध्येही सोडवला नव्हता. जीवशास्त्राला आली तेव्हा पाऊण तास हातात होता. आणि एकशे बेचाळिसावा प्रश्न पिट्युटरीचा निघाला.

तिनं तो सोडला. पुढं एकशे एक्कावन्न, थायरॉइड. सोडला. एकशे साठ, एकशे सहासष्ट, एकशे सत्तर. पाच प्रश्न, वीस गुण. शिल्पानं बाकीचं सगळं संपवलं आणि मनातल्या मनात हिशेब लावला. भौतिकशास्त्रात तीन ठिकाणी अंदाज होते. ते धरून बेरीज सहाशेच्या आसपास येत होती. कधी चार वर, कधी सहा खाली. ह्या वीस गुणांसकट तिची जागा कुणी हलवू शकलं नसतं. त्यांच्यावाचून सगळं नशिबाच्या हवाली होतं.

वीस मिनिटं उरली होती. तिनं पेन खाली ठेवून हात मांडीखाली दाबून धरला आणि डोळे उघडे ठेवले, कारण मिटले की घर दिसत होतं.

पण घर उघड्या डोळ्यांनीही दिसलं.

ती आत गेली नाही. हे तिनं पुढं मॅडमना शपथेवर सांगितलं, आणि ते खरंही होतं. ती उंबऱ्याबाहेरच उभी होती. आतून भाकरी थापायचा आवाज थांबला. मग पावलं वाजली. जिन्याला, उतरंडीला, रांजणाला वळसा घालत माय बाहेर आली. चूल सोडून आली, जी एवढं विनवूनही कधी उठली नव्हती ती. हात पिठाचे, पदर खोचलेला, कपाळावर घाम. उंबऱ्याच्या आत उभी राहून तिनं दोन्ही हात पुढं केले.

"घे ना," माय म्हणाली. "कवाधरनं धरून बसलीय तुझ्यासाठी."

"नको, माय. जा आत."

"आगं घे. येतंय मला समदं. तू अडलीस, मला दिसून राह्यलं न्हाई का? पुढं?"

तो 'पुढं?' शिल्पानं वर्षानुवर्षं ऐकला होता. घड्याळात बारा मिनिटं होती. शेजारच्या बाकावरची मुलगी उत्तरपत्रिकेचे गोल भराभर काळे करत होती. शिल्पाच्या मनात आलं, माय बरी झालीय, बापावर ओरडली, माझं नाव घेतलं तिनं. एकच घेऊ. एकाच प्रश्नानं काय होतं?

तिनं मायच्या कपाळाला हात लावला. मग गळ्याला. मग एकच म्हणता-म्हणता पाचही.

घंटा झाली तेव्हा उंबऱ्यात कुणी नव्हतं.

रात्री अण्णारावांच्या ओळखीच्या माणसाकडं नांदेडलाच मुक्काम झाला. सकाळी मोबाइलवर उत्तरसूची आली. शिल्पानं दोनदा ताळा घेतला. सहाशे चौदा. पाचही उत्तरं बरोबर होती. भौतिकशास्त्रातले अंदाज मात्र दोन चुकले होते. अण्णारावांनी पुन्हा-पुन्हा आकडा विचारला, मग स्टँडवर एक किलो पेढे घेतले आणि मुखेडच्या एस.टी.त कंडक्टरपासून सुरुवात करून अर्ध्या गाडीला वाटले. "डाक्टरीन हाय माझी लेक," ते ज्याला-त्याला सांगत होते. शिल्पा खिडकीशी बसून होती. तिनं तीनदा घरी फोन लावला. घंटा वाजून-वाजून बंद पडली.

गावात उतरल्यावर अण्णारावांना पारावरच्या लोकांनी गाठलं. शिल्पा एकटीच पुढं झाली. गाय घरात होती. गोठ्यात, दावणीला, निवांत रवंथ करत. देवळीत भरदिवसा दिवा जळत होता आणि ज्योत हलत नव्हती. रांजण काठोकाठ भरलेला.  काल तिनं इथून सगळं काढून नेलं होतं आणि एका दिवसात घर पुन्हा घरासारखं झालं होतं. तिला वाटलं, मॅडम चुकल्या. तिला वाटलं, सगळंच सुटलं असेल. ती पळतच आत गेली.

माय चुलीपुढं बसलेली होती. चूल पेटलेली होती, पण तव्यावर काही नव्हतं. सवण्यातून ऊन बरोबर तिच्या कपाळावर पडलं होतं. शिल्पाला बघून ती हसली. दारात आलेल्या कुणाही पाहुण्याला बघून हसली असती तसंच.

"या. बसा," माय म्हणाली.

"माय, मी आले."

"हाव. विचारा की."

"काय विचारू?"

"काईबी. समदं येतंय मला."

 शिल्पा तिथंच सारवलेल्या जमिनीवर बसली. तोंडातून आपोआप निघालं ते एवढंच. "थायरॉइड."

माय ताठ बसली. तिचा हात गळ्यातल्या पोतीवर गेला. जन्मात कधी तिच्या जिभेवर न आलेले शब्द एकापाठोपाठ एक निघू लागले, स्वच्छ, बिनचूक, शिल्पाच्या वहीतल्या क्रमानं. कुठं अडखळणं नाही. संपल्यावर तिनं शाबासकीच्या आशेनं शिल्पाकडं पाहिलं.

बाहेर अण्णारावांचा आवाज येत होता, कुणाला तरी पेढा घ्यायचा आग्रह करणारा. शिल्पानं मायचे पिठाळलेले दोन्ही हात हातात घेतले. "माय, माझ्याकडं बघ. मी कोण हाय?"

माय विचारात पडली. हात सोडवून घेऊन तिनं कपाळ चाचपलं. मग गळा. मग छाती, मग पोट, मग कमरेच्या दोन्ही बाजू, शिल्पानं ठेवलं होतं त्याच ओळीनं. पुन्हा एकदा सगळीकडं हात फिरवला. लेकरू पाठ विसरलं की ओशाळतं, तशी ती ओशाळली.

"ते न्हाई ठिवलं तुमी माझ्यापशी," माय म्हणाली.